परत पाठवलेले देठ

कार्तिक वद्य पंचमी. पहाटे धुके होते, ते दिवस हातभर वर आल्यावर निवळले. वारा उत्तरेचा, मंद. समुद्र पाटासारखा.

त्या दिवशी एका बंदरगावात एका व्यापाऱ्याच्या हातून एक लहानशी चूक झाली. व्यापाऱ्याचे नाव विसूशेट रेडीज. वाईट म्हणावा असा माणूस तो नव्हता. त्याचे माप खरे होते, जीभ गोड होती, आणि दारी आलेला कुणी उपाशी परत जात नसे.

विसूशेटचा धंदा परमुलखातल्या फळांचा. दक्षिणेला गलबताने सात दिवसांवर एक बेट होते. तिथून त्याच्याकडे फळे येत. मोसंबीएवढे फळ, जांभळी साल, आत लसणीसारख्या पांढऱ्या पाकळ्या. गावात त्याला नुसते बेटफळ म्हणत. तापातून उठलेल्या माणसाच्या तोंडाला चव यायची ती याच फळाने. बेटावर भात पिकत नसे. म्हणून टोपल्या इकडे येत आणि तांदळाची पोती तिकडे जात.

या देवघेवीत कागद नव्हता, साक्षीदार नव्हता. एक रिवाज तेवढा होता. सात दिवसांच्या वाटेवर काही फळे कुजायचीच. कुजलेल्या फळाचा तांदूळ द्यायचा नाही, हे ठरलेले. पण फळ कुजले याची खूण काय? कुजके फळ परत पाठवावे, तर पोचेपर्यंत त्याचा चिखल होणार. तेव्हा दोन्हीकडच्या पणजोबांनी ठरवले, की जितकी फळे कुजतील तितके देठ रिकाम्या टोपलीत घालून परत पाठवायचे. देठ दिसला की बेटावरचे लोक तेवढा तांदूळ कमी घेत. "खरंच कुजलं होतं का?" असे चार पिढ्यांत कुणी विचारले नव्हते.

प्रत्येक देठाला एक रंगीत दोरा बांधलेला असे. कुठे निळा, कुठे हळदी, कुठे दोन रंगांचा पिळलेला. गाठीही निरनिराळ्या. विसूशेटला वाटे, हौस असते एकेका मुलखाची.

तर त्या पंचमीला वखारीत माल निवडणे चालले होते. फळे निवडायला आवडाबाई बसली होती. वीस वर्षे ती हेच काम करत होती आणि डोळे मिटूनही तिला कुजके फळ हाताला कळे. विसूशेट शेजारी बसून देठ गोळा करत होता. एक चांगले फळ उचलताना त्याच्या हातून देठ तुटला आणि कुजक्या देठांच्या ढिगात जाऊन पडला.

"शेट, तो हिरवा देठ उचला," आवडाबाई म्हणाली. "तो मेल्यांत जिवंत पडलाय."

"एकानं काय होतंय? राहू दे."

"एकानं काय नाय होत. म्हणून तर उचलायला सोपा."

विसूशेट हसला. देठ तिथेच राहिला.

महिन्याने गलबत परतले. बेटावरून तक्रार आली नाही. शब्दही नाही. साठ टोपल्या नेहमीसारख्या भरून आल्या होत्या.

मार्गशीर्षातल्या त्या खेपेला विसूशेटने दहा चांगल्या फळांचे देठ तोडले. पौषात चाळीस. पुढे त्याने मोजणे सोडले. चांगल्या फळाचा देठ हिरवा असतो आणि तोडला की पांढरा चीक गळतो. कुजक्याचा काळा आणि मऊ पडतो. म्हणून विसूशेट ते हिरवे देठ ओल्या गोणपाटात दोन दिवस गुंडाळून ठेवी आणि मग राखेत घोळवी. कुणी पाहिले असते तरी फरक कळला नसता. हे काम तो स्वतः करी, वखारीचे दार आतून लावून. बोटांना लागलेला चीक चार-चार दिवस जात नसे. जेवताना तो डाव्या हाताने उजव्या हाताची बोटे झाकून घेई.

आणखी एक गोष्ट होती. सगळी टोपली उपसून देठ तोडण्याचा त्याला कंटाळा येई. म्हणून तो टोपलीतल्या वरच्या थराचे देठ तोडी. बेटावरचे लोक वरच्या थराला आपल्या सर्वांत चांगल्या झाडांची फळे लावत. परक्याच्या हाताला पहिले लागेल ते उत्तम असावे, अशी त्यांची रीत. विसूशेटला ती ठाऊक नव्हती.

माघाच्या खेपेला आवडाबाईने टोपल्या उघडल्या आणि ती थबकली.

"शेट, निळ्या दोऱ्याचं फळ एकपण नाय."

"रंग संपला असेल त्यांचा."

"हळदी पण नाय. तो पिळाचा पण नाय." ती एकेक टोपली चाळत राहिली. "आणि वास बघा. दार उघडलं की नाक भरायचं. आता नाक खुपसावं लागतंय."

"आवडाबाई, तू फळं निवड. दोरे निवडायला तुला बसवलेलं नाही."

आवडाबाईने टोपली पुढे ओढली. मात्र त्या दिवसापासून तिने बेटफळ घरी नेणे सोडले.

गलबताचा तांडेल होता सुलेमान. साठीला टेकलेला, खाऱ्या वाऱ्याने काळवंडलेला माणूस. बेटावरची भाषा येणारा बंदरात तो एकटाच. पण तोही कधी वाळूच्या पुढे गेला नव्हता. परक्याने पुळणीवर थांबायचे, टोपल्या तिथेच घ्यायच्या, पोती तिथेच उतरवायची, असा तिथला दंडक. सुलेमान बेट ओळखे ते कानाने. त्या बाजूला सकाळचे धुके दाट असते, दहा हातांवरचे दिसत नाही. पण बेटावरच्या प्रत्येक झाडाला एक राखणदार होता, आणि प्रत्येक झाडाला नाव होते. उजाडले की राखणदार आपल्या झाडापाशी उभा राहून त्याला नावाने हाक मारी. एक्केचाळीस झाडे, एक्केचाळीस हाका. सुलेमान त्या आवाजाच्या रोखाने सुकाणू धरी.

चैत्रातल्या खेपेनंतर तो विसूशेटकडे आला आणि ओटीवर टेकला.

"शेट, बेट सापडायला त्रास झाला."

"एवढी वर्षं जातोस, वाट चुकलास?"

"वाट नाही चुकली. आवाज कमी झालेत. आधी एक कोसावरून बाजार भरल्यासारखं ऐकू यायचं. या वेळी वीस-बावीस आवाज असतील."

"माणसं आजारी असतील."

"आजारी नाहीत. पुळणीवर टोपल्या घेऊन येतात की. पण बोलत नाहीत. मी सलाम केला, हाल विचारले. नुसते बघत राहिले. शेट, ते रागानं बघत असते तर बरं वाटलं असतं. देवळात बघतात तसे बघत होते."

विसूशेटने त्याला पानाचे तबक पुढे केले आणि दुसरा विषय काढला.

पावसाळ्यात गलबते बंद राहिली. पुढल्या कार्तिकात पहिली खेप आली ती चोवीस टोपल्यांची. मार्गशीर्षात पंधरा. पौषात तीन. त्या तिन्हींत या वेळी एकही फळ कुजलेले नव्हते, आणि दोरे एकाच रंगाचे, तांबडे. विसूशेटने त्या खेपेतल्याही आठ चांगल्या फळांचे देठ तोडले. हाताला सवय झाली होती.

मग मात्र तो संतापला. साठ टोपल्यांचे बेट तीनवर येते म्हणजे काय? बाकीचा माल जातो कुठे?

"तांडेल, ते लोक दुसऱ्या बंदराला माल देतायत," तो म्हणाला. "चांगला माल तिकडे आणि सांडलंलवंडलं मला. मी स्वतः येतो. पकडतोच त्यांना."

सुलेमानने मान हलवली. "या," एवढेच तो म्हणाला.

माघ वद्य नवमीला ते निघाले. आकाश निरभ्र, वारा मागून. पहिले सहा दिवस काहीच घडले नाही. सातव्या दिवशी, अमावास्येला, उजाडले ते धुक्यात. धुके इतके दाट की गलबताच्या पुढच्या टोकाचा, नाळेवरचा माणूस मागे सुकाणूवरून दिसेना. सुलेमानने शीड उतरवले आणि खलाशांना गप्प राहायला सांगितले. सगळे कान देऊन उभे राहिले. पाणी फळ्यांवर हलके आपटत होते, बाकी काही नाही.

मग लांबून एक आवाज आला. म्हातारीचा. एकच शब्द, पुन्हा पुन्हा. मध्ये ती थांबे, जणू कुणी उत्तर देते का ते ऐकत होती, आणि पुन्हा तोच शब्द.

"काय म्हणतेय?" विसूशेटने विचारले.

"झाडाचं नाव आहे. 'उशिरा फुलणारी' असं काहीसं." सुलेमानने चेहऱ्यावरचे दव पुसले. "एकच आहे, शेट. एकच आवाज आहे."

गलबत त्या आवाजामागे हळूहळू गेले. वाळू लागली. विसूशेट पाण्यात उतरला आणि किनाऱ्यावर आला. धुके जरा हलले तेव्हा त्याला दिसले की पुळणीच्या वरच्या उतारावर माणसे बसली आहेत. डोक्यावरून पांढरी कापडे घेतलेली, रांगेने, एकमेकांपासून सारख्या अंतरावर. कुणी हलत नव्हते.

विसूशेटने पहिल्यापुढे जाऊन हात जोडले. "राम राम," तो म्हणाला. उत्तर आले नाही. त्याने वाकून पाहिले. कापडाखाली माणूस नव्हता. कमरेएवढे तोडलेले खोड होते, आणि त्यावर कापड गुंडाळून दोरीने बांधले होते.

तो दुसऱ्याकडे गेला. तेही खोड. तिसऱ्याला त्याने नुसता हात लावला, तर त्याने मान वळवून विसूशेटकडे पाहिले. ती बाई होती. खोडाशेजारी, तसेच पांढरे कापड घेऊन बसलेली. तिच्या मनगटाला निळा दोरा होता.

विसूशेट दोन पावले मागे सरकला. आता त्याला दिसले, की प्रत्येक खोडाशेजारी एकेक जण बसला आहे. धुक्यात खोड कोणते आणि माणूस कोणता हे कळत नव्हते.

हाक मारणारी म्हातारी उतारावरून खाली आली आणि खलाशांनी उतरवलेल्या रिकाम्या टोपल्यांतले देठ तिने मोजून घेतले. बेटावर तिला थोरली म्हणत. तिच्यामागे एकच झाड उभे होते, फांद्या पसरून. थोरलीने विसूशेटला आपादमस्तक पाहिले, मग सुलेमानला काही विचारले. सुलेमानने मान डोलावली. तशी थोरली वाळूवर गुडघे टेकून बसली आणि तिने विसूशेटच्या पायांना हात लावून तो कपाळाला लावला.

"काय करतेय ही? उठव तिला."

"आभार मानतेय," सुलेमान म्हणाला. "म्हणते, देठ पाठवणारे ते तुम्हीच ना. तुम्ही देठ पाठवले नसते तर आम्हाला कळलंच नसतं."

"काय कळलं नसतं?"

थोरली सावकाश बोलत गेली आणि सुलेमान सांगत गेला.  दोरा ही ज्या त्या झाडाची खूण. एका झाडाचे नऊ देठ एकाच खेपेत परत आले, तर ते झाड आतून किडले असे समजायचे. मग ते बाहेरून कितीही हिरवे दिसो, त्याच दिवशी तोडायचे, म्हणजे शेजारचे वाचते. आणि ज्याचे झाड गेले, त्याने बोलायचे नाही. त्याला आवाज दिलेला असतो तो झाडाला हाक मारण्यासाठी.

"सगळ्यात चांगली झाडं आधी किडली, म्हणते. याचं तिला फार नवल वाटतं. या खेपेला तिच्या झाडाचे आठ देठ आले. एक कमी होता, म्हणून राहिलं."

विसूशेटने डाव्या हाताने उजव्या हाताची बोटे झाकून घेतली. 

थोरलीने त्याला हाताने जवळ बोलावले आणि निळा दोरा बांधलेल्या बाईपुढच्या खोडाकडे नेले. तिथे वारा नव्हता, तरी त्यावरचे कापड मधूनच हलत होते. आतून कुणी बोट लावावे तसे. थोरलीने दोरी सोडली आणि कापड वर उचलले.

खोडातून कोंब फुटले होते. उन्हाशिवाय वाढलेले, पिवळसर, बोटाएवढे लांब. दहा-बारा होते, आणि कापडाच्या दाबाने सगळे वाकडे झाले होते.

"चाळीसच्या चाळीस खोडांना फुटलेत," सुलेमानने सांगितले. "पण हे वाढू द्यायचे की नाही हे त्यांना ठरवता येत नाही. कीड मुळापर्यंत गेली असेल तर हे कोंब पुन्हा सगळ्या बेटाला रोग लावतील. मग खोडांवर समुद्राचं पाणी ओतून मूळ मारायला हवं. कीड मुळात नसेल तर कोंब ठेवले की सहा वर्षांत फळ." तो जरा थांबला. "कुजलेलं फळ त्यांनी पाहिलेलं नाही, शेट. तुम्ही पाहिलंत. ती विचारतेय, रंग कसा होता? वास कसा होता?"

सगळी पांढरी कापडे आता विसूशेटकडे वळली होती. चाळीस माणसे. प्रत्येकाच्या कमरेला कोयता होता, झाडाच्या राखणदाराच्या कमरेला असतोच तसा. धुके एवढे होते की गलबत दिसत नव्हते.

खरे सांगावे तर ही माणसे काय करतील? आणि खोटे सांगावे तर? फळ काय, दुसऱ्या मुलखात मिळेल. विसूशेटने ओठ ओले केले.

"काळा होता," तो म्हणाला. "देठापासून काळा. आणि वास आंबट."

सुलेमानने लगेच भाषांतर केले नाही. "शेट, हे असंच सांगू?"

"सांग."

थोरलीने ऐकले आणि डोळे मिटून मान हलवली. मग तिने हात वर केला.

राखणदार उठले. किनाऱ्यावर मातीचे घडे ओळीने भरून ठेवलेले होते, जणू हाच निकाल येणार हे त्यांना ठाऊक असावे. निळ्या दोऱ्याच्या बाईने पहिला घडा उचलला. ओतण्यापूर्वी ती विसूशेटसमोर आली, वाकून नमस्कार केला आणि मग आपल्या खोडाकडे गेली. पाणी मुळाशी पडले. माती ते घटाघटा प्यायली, तो आवाज विसूशेटला स्पष्ट ऐकू आला. बाईने घडा पालथा ठेवला आणि ती पुन्हा आपल्या जागी बसली.

मग दुसरा आला. नमस्कार. घडा. मातीचा तो आवाज. मग तिसरा.

पहिल्या नमस्काराला विसूशेटला सुटल्यासारखे वाटले. चौथ्याला त्याने नजर खाली घेतली. व्यापाऱ्याचे मन, ते आपोआप मोजत होते. नऊ. दहा. अकराव्या माणसाने नमस्कार करताना त्याची बोटे आपल्या कपाळाला लावून घेतली. विसूशेटने हात मागे ओढायला पाहिले, पण त्या माणसाची पकड हलकी असूनही सुटेना.

"शेट," सुलेमान हळूच म्हणाला, "मी तीस वर्षं तुमच्या घराण्याचं गलबत हाकतोय. कुजलं होतं ना खरंच?"

विसूशेट पाण्याकडे पाहत राहिला. चौदा. पंधरा. सोळा. सतरा.

अठरावा राखणदार फार म्हातारा होता. त्याचे हात कापत होते. त्याने नमस्कार केला, वाकून घडा उचलायचा प्रयत्न केला, पण घडा जमिनीपासून सुटेना. दोनदा त्याने पाहिले. मग तो वळला, आणि विसूशेटकडे बघून त्याने घड्याकडे बोट दाखवले. एक हात आपल्या छातीला लावला, दुसरा विसूशेटपुढे धरला. अर्थ सांगायला सुलेमानची गरज नव्हती. माझ्याच्याने होत नाही, तुम्ही ओता.

विसूशेटने घडा उचलला. जड होता. तो खोडापर्यंत गेला. म्हातारा आधीच तिथे बसला होता. त्याने कापड सोडून घडी घातली आणि ती मांडीवर ठेवली. मग एका हाताने वाकडे कोंब बाजूला धरले, पाणी नीट मुळाशी पडावे म्हणून. वाट पाहत तो विसूशेटच्या हातांकडे बघू लागला.

घडा तिरपा होईना. विसूशेटने जोर लावला, पण हात त्याचे राहिले नव्हते. चार थेंब काठावरून त्याच्याच पायावर पडले.

"तांडेल," तो म्हणाला, "सांग त्यांना, कुजलं नव्हतं."

"एवढंच सांगू?"

"सगळं सांग. चांगल्या फळांचे देठ मी तोडले. राखेत घोळवले. गोणपाटाचं पण सांग. झाडांना काही झालं नव्हतं. एकाही झाडाला नाही."

सुलेमानने सांगितले.  विसूशेट घडा धरून तसाच उभा होता. कोयते कमरेलाच होते. कुणी ओरडले नाही, कुणी रडले नाही. ज्यांनी पाणी ओतले होते ते सतरा जण आपल्या पालथ्या घड्यांकडे पाहत होते.

शेवटी थोरलीने विचारले, "भात कमी होता का तुमच्याकडे?"

"नाही," विसूशेट म्हणाला. "भरपूर होता."

थोरलीला हे समजले नाही. तिने तोच प्रश्न सुलेमानला दुसऱ्या शब्दांत विचारला. उत्तर तेच आले. तिने मग काही विचारायचे सोडून दिले. तिने डोंगराकडे हात केला.

"पायथ्याशी गोड्या पाण्याचा झरा आहे, म्हणते," सुलेमान म्हणाला. "मीठ धुतलं तर काय वाचेल ते तिला माहीत नाही. पण धुवायचं असेल तर आत्ता."

विसूशेटने समुद्राचे पाणी समुद्रात ओतले आणि तोच घडा घेऊन तो झऱ्याकडे गेला. एक घडा, पाव कोस चढ, पाव कोस उतार. सतरा खोडे. पहिल्या दिवशी त्याने प्रत्येकावर दोन दोन घडे घातले. दुसऱ्या दिवशी खांद्याची साल गेली. राखणदारांनी त्याला मदत केली नाही आणि अडवलेही नाही. दुपारी त्याच्यासमोर पानावर भात ठेवला जाई. विसूशेट दाण्याकडे पाहून ओळखी, तांदूळ त्याच्याच वखारीतला होता. तो जेवी आणि पुन्हा घडा उचली. बाकीच्या तेवीस खोडांवरची कापडे पहिल्याच दिवशी काढून टाकली होती. त्यांचे पिवळे कोंब चौथ्या दिवशी हिरवे झाले. सतरांचे कोंब चौथ्या दिवशी काळे पडले. देठापासून काळे, आणि वास आंबट. विसूशेट अकरा दिवस पाणी घालत राहिला.

फाल्गुन शुद्ध एकादशीला तो बेटावरून निघाला. धुके नव्हते. ऊन कडक, वारा समोरचा. फाल्गुन वद्य तृतीयेला गलबत बंदराला लागले. आवडाबाई धक्क्यावर होती. तिने रिकामे गलबत पाहिले, विसूशेटचे खांदे पाहिले, आणि ती वखार झाडायला निघून गेली.

त्या वर्षापासून विसूशेट दर खेपेला साठ टोपल्यांचा पुरा तांदूळ बेटावर पाठवत राहिला. तिकडून फळ येत नव्हते. थोरलीचे झाड दर वर्षी फुलले, पण ते झाड जोडीला दुसरे झाड नसले तर फळ धरत नाही. तेवीस खोडांची झाडे झाली आणि सहाव्या वर्षी, पौषात, त्यांना फळ आले. सतरा खोडांना पुन्हा काही फुटले नाही.

तात्पर्य: जो पुरावा मागत नाही त्याला फसवणे सर्वांत सोपे असते, आणि सर्वांत जास्त नुकसानही त्याचेच होते. खरे उशिरा बोलले, तर तोवर जे उरले असेल तेवढेच वाचते.